बारा वर्षांचा हलका धूर : सोलापुरात ब्लॅक लेबल प्यायची तरी कशी?

होटगीरोडकर (धागाकर्ता)

मंडळी, विषय ब्लॅक लेबलचा. जॉनी वॉकरची, बारा वर्षांची.

आपल्याकडे ही बाटली क्वचितच कुणी स्वतःसाठी आणतं. ती भेट म्हणून येते, शोकेसमध्ये बसते, आणि एखाद्या दिवशी मेहुण्याला नाहीतर साहेबाला दाखवून फोडली जाते. मग ग्लासभर सोडा, वर मूठभर बर्फ, शेजारी शेंगाचटणी आणि कांदा. शेवटी निकाल लागतो, "चांगली आहे, पण एवढे पैसे कशाचे घेतात?" ज्याचे पैसे घेतात ते सोड्यात आणि लसणात गेलं, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यावरच हा धागा.

या व्हिस्कीत धूर आहे, पण तो पुढे येऊन उभा राहत नाही. वास घेतलात तर आधी मनुका येतो, मग संत्र्याची साल, मग व्हॅनिला. पहिला घोट गोडसर आणि मऊ. जिभेच्या कडांना ओकच्या लाकडाचा थोडा तिखटपणा लागतो. गिळल्यावर तोंड बंद ठेवून नाकाने सावकाश श्वास सोडा. धूर तिथे येतो. हुरडा खाऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच शेतात आगटीच्या राखेपाशी उभं राहिलं की जसा येतो तसा. डोळ्यात न जाणारा, विझलेला. ज्याला घाई आहे त्याला तो भेटत नाही.

आता 'बारा' म्हणजे काय, कारण यावर पार्टीत हमखास भांडणं होतात. बाटलीत जेवढ्या व्हिस्क्या मिसळल्या असतील, त्यातली सगळ्यात लहान व्हिस्की बारा वर्षं लाकडी पिंपात राहिलेली असते. ही सरासरी नव्हे. पंधरा-वीस वर्षांची व्हिस्कीही आत असू शकते, पण लेबलवर वय धाकट्याचंच लिहावं लागतं. आणि हे वय पिंपातलं. काचेत गेली की व्हिस्कीचं वय थांबतं. काकांनी दुबईहून आणलेली बाटली कपाटात वीस वर्षं ठेवली तरी ती बत्तीस वर्षांची होत नाही, बाराचीच राहते.

ब्लेंडेड स्कॉच म्हणजे एक किंवा अनेक सिंगल माल्ट आणि एक किंवा अनेक सिंगल ग्रेन यांचं मिश्रण. 'सिंगल' म्हणजे एकाच डिस्टिलरीची. माल्ट फक्त सातूच्या मोडांची, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात उकळून काढलेली. ग्रेन गव्हाची किंवा मक्याची, सतत चालणाऱ्या उंच कॉलममधून काढलेली. ब्लॅक लेबलमधला धूर मुख्यतः आयला बेटावरच्या कूल ईला आणि स्काय बेटावरच्या टॅलिस्कर या डिस्टिलऱ्यांकडून येतो, फळांचा गोडवा स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागातल्या कार्डूसारख्या माल्टकडून, आणि या सगळ्यांना एकत्र नांदवणारा मऊपणा कॅमेरनब्रिजच्या ग्रेनकडून. लोक ग्रेनला भेसळ समजतात. माझ्या मते या बाटलीतली खरी करामत ग्रेनचीच आहे. ती नसती तर धूर आणि फळं एकमेकांच्या उरावर बसली असती.

तर सांगा, तुम्ही कशी पिता? आणि कुणाला तो धूर लागतो का?

---

चादरवाला

मालक, बाकी सगळं मान्य. शेंगाचटणीला कशाला मध्ये ओढलं?

सोलापुरात बसून शेंगाचटणीशिवाय पेग म्हणजे अमावस्येला चंद्र शोधणं. आमच्याकडे मंगळवार पेठेत बसायचं ठरलं की आधी चटणी येते, मग कडक भाकरी, मग शीक, आणि सगळ्यात शेवटी बाटली कुठली ते ठरतं. धूर शीकमध्ये आहे की! बाटलीत कशाला हुडकायचा?

---

होटगीरोडकर

@चादरवाला, चटणीवर माझा राग नाही ओ. उखळात कुटलेली, तेल सुटलेली चटणी समोर असली तर मीही ग्लास बाजूला ठेवतो. पण क्रम बघा. लाल तिखटाने जीभ पेटली की त्यावर अल्कोहोल नुसता जळतो आणि खालचं काही कळत नाही. लसूण तर नाकातच मुक्काम ठोकतो. पहिला पेग कोरड्या तोंडाने घ्या, नंतर चटणीचा डबा उघडा. दुसऱ्या पेगला मी कुणाला काही शिकवत नाही.

कडक भाकरी मात्र चालते. नुसती, चटणीशिवाय. ज्वारीची, मोडली की आवाज येणारी. तोंड कोरडं आणि स्वच्छ करते, स्वतःचा वास लादत नाही. न खारवलेले शेंगदाणे चालतात, अंजीर तर फारच छान.

---

बार्शीलाईट

लेख आवडला, पण एक गोष्ट राहिली. तापमान.

पुस्तकात, व्हिडिओत सगळीकडे 'रूम टेंपरेचरला प्या' असं सांगतात. कुठल्या रूमच्या? स्कॉटलंडच्या. तिथली रूम अठरा-वीस अंशांची. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला टेकतो आणि रात्री दहालाही भिंती गरम असतात. त्या खोलीत ग्लास भरला की अल्कोहोलची वाफ आधी उठते आणि नाकाला चटका बसतो. मग माणूस म्हणतो, 'कडक आहे', आणि सोडा ओततो. दोष व्हिस्कीचा नाही, विजापूर रोडवरच्या स्लॅबचा आहे.

मी उन्हाळ्यात बाटली फ्रीजच्या दारात पंधरा-वीस मिनिटं ठेवतो. फार गार झाली तर वास मिटतो, म्हणून बर्फापेक्षा हे बरं. आणि खरा सीझन डिसेंबर-जानेवारीचा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत रात्री गच्चीवर जी थंडी असते, ती बहुधा याच कामासाठी असावी.

---

साखरपेठ

ब्लेंडेड म्हणजे जाहिरातीवर चालणारा माल. ज्याला व्हिस्की कळते तो सिंगल माल्ट पितो. एका डिस्टिलरीची, एका जागेची. दहा ठिकाणचं एकत्र केलं की कुठलंच काही उरत नाही. ब्लॅक लेबल ही साहेबाला द्यायची बाटली, स्वतः प्यायची नव्हे.

---

होटगीरोडकर

@साखरपेठ, साहेबाला द्यायची हे खरंय. पण ब्लेंड म्हणजे दुय्यम, हे मला पटत नाही.

इतिहास बघा. १८३० मध्ये एनियस कॉफीने सतत चालणाऱ्या कॉलम स्टिलचं पेटंट घेतलं आणि हलकी ग्रेन व्हिस्की स्वस्तात निघू लागली. १८६० च्या कायद्याने ड्यूटी भरण्याआधीच, गोदामातच, वेगवेगळ्या डिस्टिलऱ्यांच्या माल्ट आणि ग्रेन मिसळायला मुभा दिली. मग किराणा दुकानदार ब्लेंडर झाले. जॉन वॉकरचं किल्मार्नॉकमधलं दुकान १८२० चं, किराण्याचंच. दुकानात चहाच्या पत्त्या मिसळायची रीत होती आणि तीच नजर व्हिस्कीला लागली. पुढे मुलगा अलेक्झांडर याने ओल्ड हायलँड व्हिस्की आणली आणि तिला चौकोनी बाटली दिली, जी पेटीत दाटीवाटीने बसते आणि फुटत कमी. १९०९ मध्ये लेबलच्या रंगावरून रेड आणि ब्लॅक ही नावं रूढ झाली. लेबल तिरकं आहे ना, ते बरोबर चोवीस अंशात आहे. (याचा चवीशी संबंध नाही, माहीत होतं म्हणून सांगितलं.)

एका डिस्टिलरीत यंदा धूर जरा जास्त उतरला, तर सिंगल माल्टवाला म्हणतो, 'हेच आमचं वैशिष्ट्य.' ब्लेंडरला ती सोय नाही. पिंपं बदलतात, डिस्टिलऱ्या बंद पडतात, तरी त्याला बाटली कालच्यासारखीच लागायला हवी. हे काम मला तरी जास्त अवघड वाटतं.

---

कारखान्यातला केमिस्ट

माझा रोजचा संबंध कॉलमशी, म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यात ऊस, कारखाने आणि मळी यांना तोटा नाही. कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबवून कॉलममधून ९६ टक्क्यांच्या आसपासचा ईएनए काढतात, म्हणजे ज्याला जवळजवळ वासच नाही असा अल्कोहोल. देशात 'व्हिस्की' म्हणून विकल्या जाणाऱ्या बऱ्याच स्वस्त बाटल्यांचा पाया हाच, वर थोडी माल्ट. युरोपात याला व्हिस्की म्हणू देत नाहीत, कारण तिथे व्हिस्की धान्याचीच लागते.

म्हणून लोकांना वाटतं, स्कॉचमधली ग्रेन म्हणजे तोच ईएनए. तसं नाही. स्कॉचच्या नियमात ग्रेन असो वा माल्ट, ९४.८ टक्क्यांच्या खालीच काढावी लागते, म्हणजे धान्याचा काही गुण मागे उरावा. मग ७०० लिटरपेक्षा मोठं नसलेल्या ओकच्या पिंपात किमान तीन वर्षं. बाहेरून घालता येतं ते फक्त पाणी आणि रंगासाठी साधा कॅरमल. ब्लॅक लेबलच्या ग्रेनलाही बारा वर्षं झालेली असतात. ईएनए आज काढला आणि उद्या टँकरमध्ये भरला.

धुराबद्दल एक. पॉट स्टिलमध्ये धुराची फिनॉलं, म्हणजे त्याला वास देणारी रसायनं, उशिरा येतात, दुसऱ्या डिस्टिलेशनच्या शेवटाकडे. स्टिलवाला 'हार्ट', म्हणजे ठेवायचा मधला भाग, कुठे तोडतो त्यावर धूर किती उतरणार हे ठरतं. लवकर तोडलं तर स्वच्छ, थोडं थांबलं तर धुरकट, आणखी थांबलं तर ओल्या कुत्र्याचा वास. आमच्याकडे हा प्रश्नच येत नाही. आमचं सगळं कौशल्य वास काढून टाकण्यात.

---

रसायनवाल्या बाई

आगटीची उपमा छान आहे, पण रसायनाच्या बाजूने थोडा फरक सांगते.

आगटीत गोवऱ्या जळतात. स्कॉटलंडमध्ये जळतं ते पीट, म्हणजे दलदलीत हजारो वर्षं अर्धवट कुजून साचलेलं शेवाळ, गवत, झुडपं. सातूला मोड आणून तो वाळवताना खाली पीट जाळतात, आणि धूर ओल्या दाण्याच्या टरफलाला धरतो. धूर व्हिस्कीला दिला जात नाही, धान्याला दिला जातो, हे पुष्कळांना माहीत नसतं. पुढे दळणं, आंबवणं, दोनदा उकळणं यातून तो तगून येतो.

त्यातली मुख्य रेणूमंडळी म्हणजे ग्वायाकॉल, क्रेसॉल वगैरे फिनॉलं. ग्वायाकॉल लाकडातल्या लिग्निनपासून येतं आणि त्याचा वास जळक्या लाकडाचा. क्रेसॉल जंतुनाशकांतही असतं, म्हणून लाफ्रॉइग ही आयलाची धुरवाली माल्ट पहिल्यांदा हुंगलेला माणूस दवाखान्याची आठवण काढतो. पीट कुठल्या दलदलीतलं यावरही हे प्रमाण बदलतं, म्हणून सगळा धूर एकसारखा नसतो.

धूर पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत किती भाग फिनॉल, असा मोजतात. आयलाच्याच आर्डबेगची ख्याती ५५ च्या आसपासची, कूल ईला पस्तिशीत, टॅलिस्कर विशीच्या आगेमागे. पण हा आकडा वाळवलेल्या सातूतला आहे, ग्लासातला नाही. वाटेत बराचसा जातो आणि पिंपात वर्षं जातील तसा आणखी मवाळ होतो. त्यात बिनधुराच्या माल्ट आणि ग्रेनही मिसळल्या. म्हणून ब्लॅक लेबलचा धूर 'विझलेला' लागतो. बारा वर्षांचं काम नुसतं गोडवा वाढवण्याचं नाही, धुराची धार घालवण्याचंही आहे.

आणखी एक गंमत. ही फिनॉलं अल्कोहोलसारखी झटकन उडत नाहीत. रात्री ग्लास रिकामा झाला की न धुता तसाच ठेवा आणि सकाळी हुंगा. मनुका, संत्रं सगळं गेलेलं असतं आणि तळाशी नुसता धूर आणि लाकूड. ज्यांना पिताना धूर लागत नाही, त्यांनी हे जरूर करावं.

---

चादरवाला

बाईंनी सांगितलेलं केलं. सकाळी ग्लास उचलून आईने विचारलं, "रात्री विडी कोण ओढलं रे?"

पुरावा मिळाला. धूर आहे.

---

अक्कलकोट ते अबर्डीन

नोकरीमुळे सध्या इकडे स्कॉटलंडमध्ये आहे, म्हणून दोन ओळी.

पबमध्ये माप २५ किंवा ३५ मिलीचं. आपला लार्ज ६० चा! इथे कुणी एका वेळी ६० ओतून बसलेलं फारसं दिसत नाही. शेजारी पाण्याचा छोटा जग ठेवतात, ज्याला हवं त्याने थेंब-चमचा घालावं. सोडा-कोला घालणारे इथेही आहेत, त्यांना कुणी हाकलत नाही. ब्लेंड बहुतेक वेळा तसाच पितात, नाहीतर हायबॉल, म्हणजे उंच ग्लासात बर्फ-सोडा घालून.

माझ्या घरमालकांच्या घरी ब्लेंडच असते, सिंगल माल्ट पाहुण्यांना. सोलापूरच्या बरोबर उलटं.

---

मालदांडी

पाण्याचा विषय निघाला म्हणून. सोलापुरात पाणी कुठलं घालायचं हा प्रश्न चेष्टेचा नाही. नळाला पाणी चार-पाच दिवसांआड, बाकी बोअर. बोअरचं पाणी जड, किटलीत पांढरा थर धरतं. त्याच्या क्षारांची चव व्हिस्कीत सरळ कळते, आणि जिथे धूर यायचा तिथे खारट तुरटपणा येतो. उजनी धरणाचं पाणी टाकीत चार दिवस राहिलं की क्लोरीनचा नाहीतर टाकीचा वास. आमच्याकडे एकदा पूर्ण बैठक 'बाटली डुप्लिकेट आहे' म्हणून भांडत होती. आरओचं पाणी घेतलं आणि तीच बाटली सुधारली.

---

रसायनवाल्या बाई

@मालदांडी, अगदी बरोबर. बाटली भरतानाही कंपन्या क्षार काढलेलंच पाणी वापरतात.

पाणी घातल्याने वास का खुलतो यावर २०१७ मध्ये स्वीडनच्या लिनियस विद्यापीठातल्या कार्लसन आणि फ्रीडमन यांनी संगणकावर रेणूंचं अनुकरण करून पाहिलं. अल्कोहोल ४५ टक्क्यांपर्यंत असला तर ग्वायाकॉल द्रवाच्या पृष्ठभागाकडे, म्हणजे नाकाच्या बाजूला राहतं. ५९ टक्क्यांच्या वर गेलं की अल्कोहोलचे रेणू त्याला वेढून आत ओढतात. पिंपातून काढलेली कडक व्हिस्की पाणी घातल्यावर का बोलू लागते ते यातून कळतं. ब्लॅक लेबल आधीच त्या खालच्या पट्ट्यात आहे. म्हणून तिला चमचाभर पाणी पुरे, निम्मा ग्लास नको.

थेंब घालताना ग्लास उजेडासमोर धरा. पाणी लगेच मिसळत नाही. तेलकट दिसणाऱ्या नागमोडी रेघा खाली उतरतात आणि मग विरतात. त्या विरेपर्यंत थांबा आणि मग हुंगा.

---

साखरपेठ

४५ च्या खाली म्हणता, पण दुकानातल्या बाटलीवर ४२.८ आणि ड्यूटी-फ्रीच्या बाटलीवर ४०. ड्यूटी-फ्रीची ओरिजिनल आणि इथली पातळ, असं सगळे म्हणतात. मग आकडा उलटा कसा?

---

कारखान्यातला केमिस्ट

कारण पातळ वगैरे काही नाही. ४२.८ हे आपल्याकडचं जुनं माप आहे, ७५ डिग्री प्रूफ. देशी बनावटीची विदेशी मद्यं वर्षानुवर्षं याच ताकदीला भरतात आणि भारतासाठी येणाऱ्या बऱ्याच स्कॉचही त्याच आकड्यावर असतात. ४० हा स्कॉचसाठी किमान आकडा. म्हणजे इथलीच किंचित कडक. फरक जिभेला कळेल इतका मोठा नाही, पण 'पातळ' म्हणणाऱ्याला बाटली फिरवून दाखवायला बरा.

---

गच्चीवरचा

खरी-खोटीचा विषय निघालाच आहे तर माझी तक्रार ऐका. एका लग्नात मांडवामागे ब्लॅक लेबल म्हणून जी वाटली गेली तिला धूर होता, भरपूर होता, पण पहिल्या घोटालाच, घशात खरखरीत, आणि मागे काहीच नाही. मनुका नाही, गोडवा नाही. दुसऱ्या दिवशी डोकं असं धरलं की विचारू नका. बाटली अस्सल होती, आतला माल कुणी भरला देवाला ठाऊक.

तेव्हापासून घरी बाटली संपली की फोडून टाकतो. भंगारवाल्याला अख्खी चौकोनी बाटली, बूच आणि खोक्यासकट देणं म्हणजे पुढच्या डुप्लिकेटला हातभार. दुकानातून घेताना सील आणि एक्साइजचं स्टिकर बघा, आणि स्वस्तात मिळतेय म्हणून कुणाच्या डिकीतून घेऊ नका.

---

होटगीरोडकर

@गच्चीवरचा, तुमच्या वर्णनातच ओळखायची खूण आहे. ब्लॅक लेबलमध्ये धूर शेवटी येतो आणि एकटा येत नाही, त्याच्यासोबत गोडवा अजून तोंडात असतो. पहिल्याच घोटाला धूर आणि मागे पोकळ, म्हणजे संशय घ्या.

---

नवी_पेठ_नवा_पेग

सगळं खरं, पण भाव? जून २०२५ मध्ये राज्याने शुल्क वाढवलं आणि आमची महिन्याची बाटली तिमाहीची झाली. ब्रिटनशी करार झाला, स्कॉच स्वस्त होणार म्हणत होते, त्याचं काय?

---

बार्शीलाईट

जुलै २०२५ मध्ये सही झालेल्या करारात स्कॉचवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून ७५ वर आणि मग दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलंय. पण ते केंद्राचं आयात शुल्क. राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट त्यावर वेगळा बसतो. दुकानातल्या भावात त्यातलं किती उतरेल यावर पैज लावू नका. बारा वर्षं थांबणारी व्हिस्की आहे, आपणही थांबू.

---

संपादक

करांची चर्चा वेगळ्या धाग्यावर न्यावी. राज्यात हार्ड लिकरसाठी वय २५ आणि परमिट लागतं, याचीही आठवण असू द्या. बाकी चालू द्या.

---

मालदांडी

एक शंका. आपल्याकडचं ऊन बघता बॅरल इथेच ठेवलं तर? बारा वर्षांचं काम चार वर्षांत होईल की. अक्कलकोट रोड एमआयडीसीत गोदामं रिकामी पडलीत.

---

कारखान्यातला केमिस्ट

लवकर होईल, पण तसंच होणार नाही. स्कॉटलंडच्या गोदामात वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं. बंगळुरात हाच आकडा दहा-बारा टक्क्यांच्या घरात सांगतात. म्हणून अमृतसारख्या कंपन्या फार वयाची व्हिस्की क्वचित काढतात. इथे बारा वर्षं ठेवलं तर पिंपाचा तळ दिसायला लागेल.

सोलापूरची हवा तर बंगळुरापेक्षाही कोरडी. दमट हवेत पिंपातून अल्कोहोल जास्त जातो, कोरड्या हवेत पाणी जास्त जातं. म्हणजे इथे माल कमी होईल आणि वर आणखी कडक होत जाईल. लाकडाचा रंग, व्हॅनिला, तुरटपणा भराभर उतरेल. पण धूर मवाळ व्हायला नुसतं लाकूड पुरत नाही, सावकाशपणा लागतो. त्याला उन्हाने घाई करता येते असं मला वाटत नाही. इथल्या व्हिस्कीचं वेगळं काहीतरी होईल आणि ते चांगलंही असेल, पण ते ब्लॅक लेबल नसेल.

---

नवी_पेठ_नवा_पेग

बरं, भावाचं सोडतो. कमी पैशात असा धूर कशात आहे? आणि हा आवडला तर पुढे काय घ्यावं?

---

होटगीरोडकर

कमी पैशात टीचर्स हायलँड क्रीम. तिच्यात आर्डमोरची माल्ट असते, टीचर्सच्याच घराने १८९८ मध्ये बांधलेल्या डिस्टिलरीची, आणि आर्डमोर हायलँडमध्ये असूनही धुरवाली. बेटावरचा नाही, जमिनीवरच्या पीटचा धूर, जरा कोरडा. वय लिहिलेलं नाही, म्हणून कडा खरबरीत लागतात. पण भावाच्या मानाने प्रामाणिक बाटली आहे. माझ्या मते सोड्यासाठी हीच आणावी आणि ब्लॅक लेबलला सोड्यापासून वाचवावं.

पुढे जायचं तर डबल ब्लॅक आहे. तिच्यात धूर जास्त आणि पिंपं आतून खोल जाळलेली. पण तिच्यावर वय नाही आणि मला तिच्यात तो समतोल सापडत नाही. धूर वाढला, घर लहान झालं. त्यापेक्षा पैसे साठवून थेट टॅलिस्कर दहा वर्षं घ्या. धुरासोबत मिरीचा तिखटपणा आणि समुद्राचा खारटपणा येतो. ब्लॅक लेबलमध्ये जे कुजबुजत होतं ते इथे मोठ्याने ऐकू येतं. देशीतलं बघायचं तर अमृत फ्यूजनमध्ये भारतीय सातू आणि स्कॉटलंडचा धुरावलेला सातू दोन्ही आहेत, आणि गोव्याच्या पॉल जॉनची बोल्ड आहे. बोल्ड नावाप्रमाणेच आहे, पहिल्या दिवशी नको.

साखरपेठकर, तुमचं टॅलिस्करवर मत?

---

साखरपेठ

टॅलिस्कर उत्तम. पण कालच्या रात्री ब्लॅक लेबल तुमच्या पद्धतीने घेऊन पाहिली. सोडा नाही, आरओचं पाणी चमचाभर, कडक भाकरी. शेवटचा धूर आहे, नाकारत नाही. पण त्याच्या आधीचा जो व्हॅनिला-व्हॅनिला गोडवा आहे, तो मला अजूनही जास्तच वाटतो. तुमची ती कॅमेरनब्रिजची करामत थोडी कमी असती तर मी ही बाटली स्वतःसाठी घेतली असती.

---

चादरवाला

दोन गोष्टी विचारायच्या राहिल्या. एक, ग्लास कुठला? आमच्याकडे रुंद तोंडाचे आहेत, सेटमध्ये मिळालेले. दोन, बाटलीत दोन बोटं उरलीय, उघडून बरेच महिने झाले. चालेल का?

---

रसायनवाल्या बाई

ग्लास खाली फुगीर आणि तोंडाला अरुंद हवा, म्हणजे वास वर गोळा होतो. ट्यूलिपच्या आकाराचा मिळाला तर उत्तम, नाहीतर वाइनचा छोटा ग्लास. रुंद तोंडाच्या ग्लासातून आधी हलका वास उडतो आणि सोलापूरच्या पंख्याखाली तर काहीच उरत नाही. पंखा जरा बाजूला वळवा.

दोन बोटं उरलेल्या बाटलीत व्हिस्कीपेक्षा हवा जास्त. ती नासत नाही, पण फळांचा वास हळूहळू मरतो आणि सपाट लागते. उन्हात किंवा गॅसच्या ओट्याजवळ असेल तर लवकर. छोट्या, स्वच्छ, घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत काठोकाठ भरून अंधारात ठेवा, आणि उभीच ठेवा. आडवी ठेवली तर बूच भिजून खराब होतं.

---

चादरवाला

छोटी बाटली हुडकण्यापेक्षा शनिवारी संपवतो. @बार्शीलाईट, येताय का? चटणी दुसऱ्या पेगनंतर, शब्द देतो.

---

बार्शीलाईट

येतो. पण आरओचं पाणी मी घेऊन येणार, तुमच्या बोअरवर विश्वास नाही.